बीव्हरचं तळं अर्लच्या नावे

मी, वर्ना टॉलेफसन, वय ७९, निवृत्त टपाल कर्मचारी, राहणार कोमॉक्स खोरे, व्हँकूवर बेट, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके जागेवर आहे. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, गाडी व बँकेतील शिल्लक भाचा ब्रेट यास.

२. घरामागचा ओढा, त्यावर बीव्हर या झाडे कुरतडणाऱ्या प्राण्याने फांद्यांचा बांध घालून केलेले तळे व काठची जमीन मात्र ब्रेटला मिळणार नाही. मागच्या नाताळात टर्की चावता चावता तो म्हणाला, "मावशी, हे डबकं बुजवलं ना, तर पर्यटकांसाठी चार मस्त केबिनी बसतील." मी त्याला आणखी बटाटे वाढले आणि सुट्टी संपताच वकील गाठला.

३. सदर तळे ओढा समितीचे अध्यक्ष अर्ल डनबार यांस. गावात हसू होईल, म्हणून कारण नोंदवते.

सॅमन मासे शरदात अंडी घालायला समुद्रातून ओढ्यात चढतात; त्यांच्यासाठी ओढे सुधारणारी आमची समिती. हा बांध फोडायला अर्ल पहार घेऊन आला, तेव्हा मी रबरी बूट घालून बांधावरच उभी राहिले.

"वर्ना, उतर खाली. मासे वर कसे जाणार?"

"उडी मारून. ते तुझ्यासारखे आळशी नसतात."

त्याने मला समितीतून काढले. त्या हिवाळ्यातल्या पुरात समितीने माशांच्या आडोशासाठी ओढ्यात बसवलेले सगळे ओंडके समुद्राला मिळाले. बांध टिकला. वसंतात अर्ल जाळी घेऊन गुपचूप आला. मी खिडकीतून बघत होते. जाळीत कोहो सॅमनची पिल्ले वळवळत होती.

"च्यायला," तो ओरडला, "हे तर गच्च भरलंय!"

मग दारात येऊन टोपी काढून म्हणाला, "परत ये समितीत."

तेव्हापासून आम्ही दर बैठकीला भांडतो. हे कलम ऐकल्यावर तो म्हणाला, "मला कशाला? आपलं तर पटत नाही."

"म्हणूनच. ब्रेट गोड बोलला की बाकीचे विरघळतील. तू मेला कोणासाठी विरघळलायस?"

त्याने खिडकीकडे वळून रुमालाने नाक पुसले. सर्दी झाली आहे म्हणाला.

४. मी शरदात गेले, तर अंत्यविधी डिसेंबरात ठेवावा. मासे ओढा चढत असताना समितीतल्या कोणीही काळे कपडे घालून चर्चमध्ये बसू नये. मला तेव्हा घाई नसेल, माशांना असते.

सही: वर्ना टॉलेफसन

साक्षीदार: नोरीन विल्यम्स, शेजारीण, हर्ब ओकाझाकी, समितीचे खजिनदार. (लाभार्थ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून अर्ल बाहेर गाडीत रुसून बसला आहे.)

कोमॉक्स खोरे, ९ सप्टेंबर २०१९