फरशी काढून माती

दिवेआगर,
२१ ऑक्टोबर १९३४

प्रिय ताई,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू ते उघडायच्या आधी थोडी थांबली असशील. चार वर्षांत मी तुला एक ओळही लिहिलेली नाही, तेव्हा ते साहजिक आहे. घरी सर्व ठीक आहेत, हे प्रथम सांगते. दुसरी एक गोष्टही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुझा गैरसमज होणार नाही. रामचंद्ररावांशी लग्न करणार म्हणून तू सांगायला आलीस, त्या दिवशी तात्या पडवीत उभे राहून म्हणाले होते, "यापुढे या उंबरठ्याच्या आत हिचे पाऊल पडता कामा नये." ते वाक्य त्यांनी अजून मागे घेतलेले नाही. ते कधी मागे घेतील असेही मी म्हणत नाही. मला लिहायचे आहे ते आपल्या घरापुढच्या खळ्याबद्दल.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी पुण्याच्या शेतकी कॉलेजातले शिक्षण संपवून घरी आले. घराभोवतीच्या बागांची आखणी हा माझा आवडीचा विषय. येताना मुंबईहून मांडव्याला उतरले होते, तेव्हा तिथे एका पारशी शेठचा बंगला पाहिला. समोर कापलेली हिरवळ, मधून दगडी वाट, कडेला वेताच्या खुर्च्या आणि चहाचे मेज. ती माणसे घरात राहतच नसावीत असे वाटले, इतके त्यांचे सगळे अंगणात चालले होते. माझ्याकडे एका बियाणेवाल्याचे विलायती चित्रांचे पुस्तकही होते. दोन्ही मिळून माझ्या डोक्यात एक नकाशा तयार झाला. आपले खळे लांबीला छत्तीस फूट, रुंदीला चोवीस. एवढी चांगली सपाट जागा दरवर्षी पावसात वाहू द्यायची आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास खणून, भिजवून, चोपून, सारवून पुन्हा करायची, यात मला निव्वळ श्रमांचा अपव्यय दिसला. एकदाच दगडी फरशीचे पक्के काम केले की प्रश्न मिटला, असे मी तात्यांना कागदावर काढून दाखवले.

तात्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "तू शिकून आलीस. कर." त्यांनी एकच फेरफार सांगितला. सोनचाफ्याच्या बुंध्याशी तू लावलेली अबोली मी खोडून टाकली होती. तिथे बोट ठेवून म्हणाले, "एवढे राहू दे." मी ती जागा सोडून नकाशा सुधारला. कारण विचारले नाही.

फरशी मी पाणसळ लावून बसवली. छत्तीस फुटांत कुठेही सुताइतकाही चढउतार नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. गोदूआत्या पायरीवर बसून सगळे पाहत होती. म्हणाली, "खळ्यात दगड घालायला आपण काय देऊळ बांधतोय?" मी हसण्यावारी नेले. त्या वर्षी खळे चोपायचे नव्हते, त्यामुळे शेजारून कोणी आले नाही, पोहे झाले नाहीत, गाणी झाली नाहीत. माती ठोकणाऱ्या लाकडी चोपण्यांचा आवाज नसलेली दिवाळी मला शांत आणि सोयीची वाटली. तात्या मात्र दोन दिवस वाडीतच बसून होते.

पुढचे थोडक्यात सांगते. माघात सुपारी वाळत घातली, तर दगडाच्या झळीने वरून तडकली आणि आतून ओली राहिली. चैत्रात दुपारी खळ्यात अनवाणी पाऊल ठेववेना. अंगणात माणसे बसावीत म्हणून केलेल्या अंगणातून माणसे पळत जाऊ लागली. आणि पाऊस सुरू झाल्यावर माझ्या अचूक सपाटीवर पाणी जागच्या जागी उभे राहिले. त्याला जायला मी वाटच ठेवली नव्हती. आषाढात शेवाळ धरले. मी राखेने घासून घेत होते, पण ते आठ दिवसांत परत येई. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी तात्या विहिरीवरून सोवळ्याने येताना घसरले. हाड मोडले नाही. पण खुबा असा दुखावला की ते अजून काठी घेऊन सपाटीवरच चालतात. घराच्या तीन पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. दोन महिने झाले, त्यांची खाट पडवीत आहे. जेवण, जप, लोकांची ये-जा, सगळे बाहेर. तेव्हा, ताई, सध्या त्या उंबरठ्याच्या आत तात्यांचेही पाऊल पडत नाही. हे मी चेष्टेने लिहीत नाही. आहे तसे लिहीत आहे.

ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. आठ दिवसांनी एवढेच म्हणाले, "आता मला इथेच राहायचे आहे. राहता येईल असे खळे कर."

मग मी नकाशा काढला नाही. वही घेऊन हिंडायला लागले. बोर्ली पंचतनला एका व्यापाऱ्याच्या अंगणात भिंतीला लागून मातीचा कट्टा पाहिला, मांडीच्या उंचीचा आणि पाठ टेकता येईल असा. तो मोजून घेतला. म्हसळ्याला सरकारी बंगल्यासमोर चुन्याने रंगवलेल्या विटांचा गोल पाहिला. त्यातली झाडे वाळलेली होती. तो सोडून दिला. शेवटी भरडखोलला गेले. तिथली आवडाबाई तुला आठवेल. सुकट घेऊन आपल्याकडे यायची आणि तुलाच मोजून घ्यायला सांगायची, कारण तू मूठभर जास्त घेतेस आणि कबूलही करतेस, असे तिचे म्हणणे. तिचे खळे कोळीवाड्यात सगळ्यांत खालच्या अंगाला आहे. तरी इतका पाऊस होऊन तिथे पाणी म्हणून नव्हते. मी पाणसळ काढली, तशी ती कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "तात्यांची धाकटी ना गो तू? शिकल्याली पोर. दगड घातलंन आनि बापासच पाडलंन." भरडखोलपर्यंत बातमी गेली होती. मी म्हटले, होय, तीच मी. मग जरा नरमली. म्हणाली, "ती काचेची नळी ठेव बाजूला. हंडाभर पानी वत आनि बघ कुठं जातंय. मग तिथं हात मार." मी तरीही मोजले. चोवीस फुटांत पाच इंच उतार, घराकडून समुद्राकडे. मातीच्या जमिनीला आम्हाला कॉलेजात शिकवलेला उतार जवळपास तेवढाच होता. माझ्या वहीत तो लिहिलेलाही होता. तिने जन्मात कधी मोजला नव्हता. दरवर्षी जमीन नव्याने करायची, म्हणजे गेल्या पावसाने काय बिघडवले ते दरवर्षी दिसते आणि दुरुस्त होते. पक्क्या कामात चूकही पक्की होते, हे मला फी घेऊन कोणी शिकवले नव्हते.

निघताना तिने तुझे विचारले. "थोरली येते का न्हाय?" मी नाही म्हटले. "आनि तू जातेस का तिच्याकडं?" मी पाणसळ पिशवीत घातली. तिने सुकटीची पुडी हातात दिली आणि दार लोटले.

परत येऊन फरशी उपटली. तेच दगड घडवून विहिरीपाशी पाय धुवायची जागा केली. तिथे दगडच हवा. बांधावरची माती आणि मुरूम आणून पसरला. बोर्लीसारखा कट्टा पडवीच्या भिंतीला लावला, तात्यांना उठताना धरायला एक खांब ठेवून. मांडवासाठी पोफळीचे खांब आले आहेत. वर माडाचे विणलेले झाप घालायचे, पावसाआधी उतरवायचे, जसे पूर्वी होते तसे. कोपऱ्यात एक चूल मांडली आहे, कारण आत्याला दर वेळी वाटी घेऊन पायऱ्या उतरणे जड जाते. आता दुपारी बारा वाजताही खळ्यात बसता येते. हे मी चित्रांच्या पुस्तकात शोधत होते आणि ते खाली, पायाशी होते, असे मी म्हणणार नाही. शोधावे लागलेच.

या कामात तात्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, मांडव एक खण वाढव. मी म्हटले, आपण तिघेच आहोत, आहे तो पुरेसा आहे. ते म्हणाले, "तिघेच कशावरून?" दुसरी, विहिरीचा कठडा नऊ इंच उंच कर आणि रहाटाच्या बाजूने फाटक लाव. घरात कोणी लहान मूल नाही. तुला दोन वर्षांची मुलगी आहे हे गिरगावातून आलेल्या कोणाकडून तरी आत्याला कळले होते. ती पडवीत भाजी निवडताना मला ते सांगत होती, आणि तात्यांचा डोळा लागला आहे असे आम्हा दोघींना वाटले होते. मुलीचे नाव आम्हाला कळलेले नाही. तेवढे कळव. तिसरी गोष्ट शेवटी लिहिते.

त्याआधी माझ्याकडचे एक सांगायचे राहिले आहे. तू निघालीस तेव्हा मी पडवीतच होते, पाटावर कागद लावून वाडीतल्या पाण्याच्या पाटाचा नकाशा काढत होते. तू माझ्यापाशी येऊन उभी राहिलीस. मी उठावे, तुझ्याबरोबर निदान नारळी-पोफळीच्या आगरापर्यंत यावे, अशी तुझी अपेक्षा असणार. मी मान वर केली नाही. जूनमध्ये मला पुण्याला जायचे होते आणि तात्यांनी नुकताच होकार दिला होता. तो होकार मी तुझ्यापेक्षा मोठा धरला. त्या वेळी मी काय मोजत होते तेही मला आठवते : बारा फूट चार इंच. पुढे पुण्याहून लिहिता आले असते, तेही लिहिले नाही, कारण पहिल्या पत्रात हेच लिहावे लागले असते. तू रागावली असलीस तर ते बरोबर आहे. मी क्षमा मागते, आणि त्याला कारणे जोडत नाही.

आता तिसरी गोष्ट. घरात चोपणी तीन होती, आत्याचे, तुझे आणि माझे. तू डावखुरी, म्हणून तुझ्या चोपण्याची मूठ तात्यांनी उलट्या बाजूला कललेली घडवली होती, नाहीतर तुझी बोटे जमिनीला सोलत. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ते न्हाणीच्या चुलीत घातले. हे तुला ठाऊक नसेल. गेले पंधरा दिवस ते कट्ट्यावर बसून फणसाच्या लाकडाचा एक तुकडा तासत होते. हरेश्वर सुताराने दोनदा विचारले, द्या इकडे, मी करतो. दिले नाही. परवा ते चोपणे पुरे झाले. तेल लावून पडवीत आमच्या दोघींच्या चोपण्यांशेजारी टांगले आहे. मी हातात घेऊन पाहिले. मूठ डाव्या हाताची आहे. मी विचारले, हे कोणाचे? तात्या म्हणाले, "असावे एखादे जास्तीचे. रविवारी माणसे कमी पडतील." खळे येत्या रविवारी, अठ्ठावीस तारखेला चोपायचे आहे. शुक्रवारच्या बोटीने दिघीला उतरलात तर गाडी धक्क्यावर उभी असेल, ती मी सांगून ठेवली आहे. तिघेही या. उंबरठ्याचे मला काही सांगता येत नाही. खळ्यात मात्र मांडवाचा एक खण रिकामा आहे, चूल आहे, आणि विहिरीच्या कठड्याला फाटक आहे. चोपायला आपण पूर्वी बसायचो तेव्हा तुझे डावे आणि माझे उजवे कोपर एकमेकांना लागायचे आणि भांडण व्हायचे. या वेळी मी तुझ्या उजवीकडे बसेन.

उशिरा का होईना, तुझीच
श्यामला