आमचं शांतता पथक

९ मार्च, रविवार

हरलो. हरण्याचं दुःख नाही, सवय आहे. पण शेवटच्या मिनिटाला पंचाने पेनल्टी नाकारली आणि आमच्या स्टँडमधून दगड सुटला. पाहुण्यांच्या गोलकीपरचा कान फाटला – अर्धा लोंबत होता. बिचारा तो हाताने धरून बाहेर गेला, आणि आमची मंडळी टाळ्या वाजवत होती. मग पाहुण्यांची बस. एक काच शाबूत ठेवली नाही.

मी काचा बसवतो. ते काम बहुतेक माझ्याकडेच येईल. क्लबवर प्रेम करून पोट भरणारा गावात मी एकटाच.

११ मार्च

फुटबॉल महासंघाचा निकाल आला. ही शेवटची संधी. तीस तारखेच्या सामन्यात प्रेक्षकांतून एक खडा जरी मैदानात पडला तर क्लब बंद. नोंदणी रद्द, मैदानाला कुलूप.

मला धड चालता येत नव्हतं तेव्हा वडिलांनी खांद्यावर बसवून या मैदानावर आणलं. लग्नाची तारीख आम्ही सामन्यांचं वेळापत्रक बघून काढली. क्लब गेला तर रविवारी मी करू काय? बायको म्हणाली, घरात बसून माझ्याशी बोला. म्हणजे धोका खरा आहे.

१४ मार्च

भाऊजींच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बैठक. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. जन्मभर शेजारच्या सीटवरून दुसऱ्याचा ब्रेक दाबत आले, त्यामुळे जग आपणच थांबवतो अशी त्यांची समजूत. भिंतीवर वाहतुकीच्या खुणा, समोर आम्ही पोक्त माणसं, शिकाऊंच्या बाकांवर गुडघे दुमडून.

भाऊजी म्हणाले, "दंगा करणाऱ्याला पोलिसांच्या आधी आपण फोडायचा. क्लब वाचवायचाय की माणुसकी?"

क्लब! सगळ्यांचे हात वर. माझाही. नाव ठरलं – शांतता पथक. दंडाला पांढरी पट्टी.

१६ मार्च

सराव सामना. पथकाचा पहिला दिवस. फाटकावर एका निवृत्त मास्तरांचा थर्मास काढून घेतला – फेकता येतो म्हणून. मास्तर वाद घालू लागले. कोणीतरी ढकललं, चष्मा पडला, बुटाखाली गेला. चष्म्याच्या काचा मी बसवत नाही, त्यामुळे वाईट वाटलं.

पंचाला शिव्या देणाऱ्या दोघांना संडासांच्या मागे नेलं. एकाच्या तोंडातून रक्त यायला लागलं तेव्हा थांबलो. दुसरा आपण होऊन माफी मागत होता, तरी त्याचेही दोन दात गेले. सामना अत्यंत शांततेत पार पडला.

२३ मार्च

बातमी अशी की पलीकडचा क्लब आपला माणूस आमच्या स्टँडमध्ये बसवणार, आणि तो आमच्या नावाने दगड मारणार. ओळखायचा कसा? भाऊजींची युक्ती: संशय आला की क्लबच्या गाण्याचं दुसरं कडवं म्हणायला लावायचं.

दुसरं कडवं आमच्यातल्याच निम्म्यांना येईना. त्यांनी थपडा खाल्ल्या. भाऊजींची परीक्षा कोणी घेतली नाही.

३० मार्च

जिंकलो. एक गोल. मैदानात खडा सोडा, शेंगेचं टरफलही पडलं नाही.

हे आधी लिहितोय, कारण बाकीचं लिहायला हात धजत नाही.

विटकरी स्वेटरवाला एक जण वरच्या पायरीवर एकटा बसला होता. आमचा गोल झाला, लोक एकमेकांच्या अंगावर पडले, हा बसलेलाच. भाऊजींनी खूण केली. संडासांच्या मागे नेऊन दुसरं कडवं विचारलं. तो म्हणाला, "अहो, मी तुमच्याच कामासाठी आलोय."

हीच कबुली, असं ठरलं. भाऊजींनी जबड्यावर मारलं. तो पडला. मग कोण कुठे मारतंय त्याला धरबंध राहिला नाही. मीही लाथ घातली. एक नाही. बुटाखाली बरगडी गेली ती मला कळली – पातळ काच दाबावर जाते, तशी. आणि खरं सांगायचं तर थांबावंसं वाटलं नाही.

खिशातून ओळखपत्र निघालं. महासंघाचा निरीक्षक. प्रेक्षक कसे वागतात ते बघायला साध्या कपड्यांत आलेला.

भाऊजींनी दंडाची पांढरी पट्टी सोडली आणि तिने त्याचं तोंड पुसलं.

३१ मार्च

बायको नर्स आहे हे मी कालच्या गडबडीत विसरलोच होतो. ड्यूटीवरून आली, पर्स ठेवली. पुरुषांच्या वॉर्डात एक रुग्ण आलाय, म्हणाली, जबडा तारेने बांधलाय. जिन्यावरून पडलो असं त्याने लिहून दिलंय.

मी म्हटलं, पडला असेल.

"जिन्याने बूट घातले होते का हो?"

आणि दाराजवळच्या माझ्या बुटांकडे बघत राहिली. मी बूट उचलले आणि मोरीत धुवायला बसलो.

२ एप्रिल

भाऊजी फळं घेऊन दवाखान्यात गेले. सोबत आम्ही चौघं, खाटेच्या चार कोपऱ्यांना. भाऊजींनी मायेने चौकशी केली. त्याची मुलगी कुठल्या शाळेत जाते, किती वाजता सुटते, हे निरीक्षकाला विचारलं नाही, त्यालाच सांगितलं. त्याने खुणेने अहवालाचा कागद मागितला आणि सही केली. प्रेक्षकांचं वर्तन: आदर्श.

निघताना एक सफरचंद भाऊजींनीच खाल्लं.

५ एप्रिल

क्लब वाचला! भाऊजी बिनविरोध अध्यक्ष. खांद्यांवर मिरवणूक निघाली, एक खांदा माझा. घरी आलो तर बायको भावाकडे निघून गेलेली. कपाटाची तिची बाजू रिकामी.

मैदान राहिलं, घर गेलं. असल्या निकालाला बरोबरी म्हणतात.

१३ एप्रिल, रविवार

आजचा सामना. बघायला एकही माणूस आला नाही. फाटकावर नुसतं पथक. झडती घ्यायला कोणी नाही, म्हणून भाऊजींनी माझी घेतली. खिशात काच कापायची हिरकणी निघाली.

"फेकता येते," ते म्हणाले.

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

डाव्या हाताने लिहितोय.