तू पाठवलेला काढा

मानकापूर, नागपूर
सोमवार, २० जानेवारी २०२५

ती. जितूदादास,

कामिनीचा नमस्कार. हैदराबादला तुम्ही तिघं मजेत असाल. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? अबोलीची परीक्षा जवळ आली असेल, तिला म्हणावं आत्याने आठवण काढली. तिळगुळाचा डबा वेगळा पाठवला आहे. पोचला की कळव.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. पण तुझा फोन आला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि दोन मिनिटांत फोन त्यांच्या कानाला लागलेला असतो. माझं बोलणं राहून जातं. म्हणून शाळेच्या लायब्ररीत बसून लिहून राहिली आहे. इथं मधल्या सुट्टीपर्यंत कोणी फिरकत नाही.

एक नवीन सांगायचं म्हणजे शाळेने मला ऑनलाइन कोर्सला घातलं आहे. शाळांमधले शिक्षक आणि ग्रंथपाल यांच्यासाठी आहे. इंटरनेटवरची माहिती विश्वासाची आहे की नाही हे कसं ओळखायचं आणि ते मुलांना कसं शिकवायचं, असा विषय. एकट्याने काही करायचं नाही, चौघांचा गट, सगळं काम मिळून. माझ्या गटात सावनेरच्या यमुताई आहेत, माझ्यासारख्याच शाळेतल्या ग्रंथपाल, पुढल्या वर्षी रिटायर होतील. जरीपटक्याचा रोशन कॉम्प्युटर शिकवतो. अपेक्षा विज्ञान शिकवते, ती उमरेडची. यांच्यापैकी कोणालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

पहिल्याच कामात आम्ही सपशेल आपटलो. एका जुन्या तलावाची माहिती जमवायची होती. तो कोणी बांधला ते चौघांनी चार वेबसाइटवर शोधलं, चारही ठिकाणी एकच नाव मिळालं, आम्ही खुशीत पाठवून दिलं. कोर्सच्या मॅडमनी परत पाठवलं. खाली लिहिलं होतं, "चारही ठिकाणी चूक एकच आणि शब्दही तेच. तुम्हाला चार साक्षीदार भेटलेले नाहीत, एकच माणूस चारदा भेटला." गटात असलं की असं होतं बघ. दुसऱ्याने तपासलं असेल असं प्रत्येकाला वाटतं, आणि सगळे हो म्हणतात म्हणून आपणही हो म्हणतो.

पण दादा, मला हे लोक आवडतात. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी आमची भेट असते. मी चांगला कुर्ता घालून बसते, गळ्यापर्यंतच दिसत असला तरी. यमुताई आधी विचारतात, "जेवलीस का वं कामिनी?" घरात मला हे विचारणारं कोणी राहिलं नाही. भेट संपली, स्क्रीन काळी झाली की खोलीत फक्त फ्रिजचा आवाज येत राहतो. मग उगीच उठून मी भांडी लावते.

बाबा ठीक आहेत. थंडी फार आहे म्हणून सकाळचं फिरणं सध्या बंद ठेवलंय. नानाजीकाका घरीच येऊन बसतात, दोघं पेपर वाचतात. काळजीचं काही नाही.

मार्चमध्ये जमलं तर चक्कर टाक. नाही जमलं तरी बाबांना अधूनमधून फोन करत जा.

तुझी,
कामिनी


मानकापूर, नागपूर
रविवार, २ मार्च २०२५

ती. जितूदादास, नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. "पत्र वाचलं, छान. कोर्स कर, पण बाबांकडे लक्ष दे." त्यातलं दुसरं वाक्य मी बरेचदा वाचलं. तू सहज लिहिलं असशील. पण ते वाचल्यापासून गप्प राहणं मला जमेना, म्हणून आज सगळं सांगते. बाबांनी सांगू नको म्हटलं आहे, हेही आधीच लिहून ठेवते.

दसऱ्याला तू त्यांना एक व्हिडिओ पाठवला होतास. पांढरा कोट घातलेला एक माणूस पाच पानांचा काढा करून दाखवतो आणि म्हणतो की हा घेतला तर शुगरच्या गोळ्यांची गरज नाही, आणि इन्सुलिनची सुई तर कधीच टोचून घेऊ नका, एकदा लागली की सुटत नाही. खाली तू लिहिलं होतंस, "बाबा, हे बघा. तुमच्यासाठी पाठवतोय." तुला कदाचित आठवतही नसेल. तुलाही कोणीतरी पाठवला असेल.

बाबांनी त्या दिवशी तो पंचफुलामावशीला दाखवला, नानाजीकाकांना दाखवला, दूधवाल्याला दाखवला. दुसऱ्या दिवसापासून काढा सुरू झाला. मी म्हटलं, काढा घ्या पण गोळ्या सोडू नका. ते हो म्हणाले. मी रोज गोळ्यांचं पाकीट बघत होते, ते रिकामं होत होतं, त्यामुळे निश्चिंत होते. बाबा रोज सकाळी गोळी काढायचे आणि मोरीत टाकायचे. हे मला डिसेंबरमध्ये कळलं.

नवी चप्पल लागून करंगळीला जखम झाली होती. त्यांना ती दुखलीच नाही, म्हणून दाखवली नाही. मला वास आला तेव्हा बोट काळं पडलं होतं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नेलं. शुगर बघून डॉक्टरांनी मला विचारलं, "घरात कोण असतं यांच्याजवळ?" मी म्हटलं, मी असते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. उजव्या पायाची करंगळी काढावी लागली, दादा. थंडीमुळे फिरणं बंद आहे, हे मी तुला खोटं लिहिलं होतं.

ऑपरेशनला नेताना बाबांनी माझा हात धरला. मला वाटलं घाबरले असतील. तर म्हणाले, "जितूले सांगू नको. त्याले वाटन त्याच्यामुळे झालं."

आता मूळ गोष्ट. जखम पूर्ण भरत नाहीये. डॉक्टर म्हणतात इन्सुलिन घ्यावंच लागेल, नाहीतर पाऊलसुद्धा जाईल. आणि बाबा सुई घ्यायला तयार नाहीत. गोळ्या आता घेतात, माझ्यासमोर घेतात, पण सुई नाही. कारण त्या व्हिडिओत नको म्हटलं आहे.

मी समजावून थकले. ते म्हणाले, "तिघांनी पाठवला मले हा व्हिडिओ. तिघं काय येडे आहेत?" मी फोन घेऊन पाहिलं. पहिला तुझा. दुसरा नानाजीकाकांचा, तो बाबांनीच त्यांना पाठवलेला, उलटून आलेला. तिसरा पंचफुलामावशीचा, तिला नानाजीकाकांनी दिलेला. मी हे बोटाने दाखवलं. बाबा म्हणाले, "पण पहिला तर जितूचाच आहे ना."

मग मी हा व्हिडिओ गटासमोर ठेवला. आम्हाला आरोग्याचा एक दावा तपासायचा होताच. एका नातेवाईकाने पाठवला आहे, एवढंच सांगितलं. चौघांनी दोन आठवडे काम केलं. या वेळी प्रत्येकाने आपलं आपलं शोधलं आणि मग एकमेकांसमोर ठेवलं. अपेक्षाने त्यात दाखवलेला अभ्यास शोधला, तसा अभ्यास कुठे झालेलाच नाही. यमुताईंनी त्यांच्या ओळखीच्या दोन डॉक्टरांना विचारलं. रोशनला तोच माणूस दुसऱ्या एका जुन्या व्हिडिओत सापडला, सूट घालून लेआउटमधले प्लॉट विकताना. आम्ही खूप हसलो. हसता हसता मला रडू आलं, तेव्हा मी कॅमेरा बंद केला आणि नेट गेलं असं सांगितलं.

प्लॉटवाला व्हिडिओ मी बाबांना दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "तुया गटातल्या लोकाईले मी काहून मानू? त्याईले मी ओळखतो का?"

दादा, मी रोज समोर असते, म्हणून माझ्या बोलण्याला घरात वजन नाही. तू लांब आहेस, तुझा शब्द चालतो. याचं वाईट वाटून घ्यायला आता वेळ नाही. तू फोन कर आणि सांग, बाबा, तो व्हिडिओ खोटा होता, सुई घ्या. तू म्हटलंस तर ते ऐकतील.

तुझी,
कामिनी


मानकापूर, नागपूर
रविवार, २३ मार्च २०२५

दादा,

तू फोन केलास त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. बाबांचं बोलणं सगळं ऐकू आलं. "अगा काही नाही बाबू. चप्पल लागली होती, भरली जखम. मस्त हिंडून राहिलो. कामिनीले तर तू ओळखतोच, तिले वाढवून सांगाची सवय आहे." मग हसले. मग अबोलीचं विचारलं. तवा तापून धूर निघाला तरी मी तशीच उभी होते.

रात्री तुझा मेसेज आला, "बाबा तर ठणठणीत वाटले. तू उगाच घाबरवतेस. एकटी राहून तुझ्या डोक्यात नको ते येतं."

मला पुरावा पाठवता आला असता. पायाचा फोटो फोनमध्ये होता, दवाखान्याचे कागद कपाटात आहेत. गटात मी हेच शिकले, म्हणणं मांडायचं तर सोबत आधार जोडायचा. फोटो उघडलाही. पण सख्ख्या भावाला बापाचं कापलेलं बोट पाठवून आपण खरं बोलतो हे पटवायचं, ते माझ्याने झालं नाही. फोटो पुसून टाकला.

तुझ्यावर राग धरून आठ-दहा दिवस घालवले. हे पत्र लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. पण काल जे झालं ते तुला कळायला हवं.

काल आमच्या कामाचं सादरीकरण होतं. गटाचं म्हणणं होतं की व्हिडिओ खोटा आहे हे दाखवून पुरत नाही, माणसं विश्वास का ठेवतात तेही समजलं पाहिजे. ज्याने विश्वास ठेवला असा एखादा माणूस बोलेल का, असं यमुताईंनी विचारलं. मी मागे वळून पाहिलं नाही. बाबा मागे दिवाणावर बसून ऐकत होते. ते काठी टेकत उठले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"मी ठेवला," म्हणाले. "मी हिचा बाप, शालिकराम."

यमुताईंनी नमस्कार केला आणि विचारलं, "भाऊ, तुम्हाले तो माणूस खरंच डॉक्टर वाटला का?"

बाबा म्हणाले, "नाही वाटला. पहिल्या दिवशीच समजलं होतं का हा काहीतरी विकून राहिला. जिंदगी खाणीच्या ऑफिसात गेली माही, असे लय पाहिले."

"मग ऐकलं काहून?"

बाबांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं उठून जातील. मग म्हणाले, "पोरानं पाठवला होता. आधी त्याचा फोन आला का मी काय विचारू अन् तो काय सांगू, दोघायलेही समजे नाही. हा काढा सुरू केला अन् तो विचारू लागला. बाबा काढा घेतला का? कडू लागते का? फरक वाटते का? मी नाही घेत म्हटलं असतं, तर मंग काय बोलला असता तो माह्याशी?"

रोशनने चष्मा काढून पुसला. अपेक्षा खाली बघत होती. मी बाबांच्या शेजारी बसले होते, पण त्यांच्याकडे पाहण्याचा धीर मला झाला नाही.

यमुताईंनीच शेवटी विचारलं, "अन् आता? सुईचं काय ठरवलं?"

"पोराले तर मी सांगितलं का मी मस्त आहो," बाबा म्हणाले. "आता तो कसा म्हणन मले का सुई घे? तो रस्ता मीच बंद केला." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "हिनं पहिलेच सांगितलं होतं. हिचं ऐकलं नाही, कारण ही तर कुठं जात नाही."

ते हे वाईट मनाने बोलले नाहीत. खरं तेच बोलले. माझ्याशी बोलायला त्यांना काढ्याची गरज कधी पडली नाही, कारण मी आहेच. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

भेट संपल्यावर मी जेवण वाढायला उठले. बाबांनी बनियन वर केलं आणि म्हणाले, "आण वं ते. कुठं टोचतेत?" मी फ्रिजमधून डॉक्टरांनी दिलेलं इन्सुलिन काढलं आणि दवाखान्यात शिकवलं तसं पोटावर टोचलं. ते खिडकीकडे बघत राहिले. झाल्यावर म्हणाले, "दुखलं नाही." आज सकाळीही घेतली.

पाऊल वाचेल, असं डॉक्टर खात्रीने म्हणत नाहीत. बघू म्हणतात.

कोर्स संपला. गटाच्या चॅटमध्ये सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली आणि आज तिथं शांतता आहे. यमुताई म्हणाल्या, एकदा येते भेटायला. येतील की नाही माहीत नाही. बुधवारी संध्याकाळी आता मी काय करीन तेही माहीत नाही. पण ते माझं मी बघीन.

दादा, तू ते प्रेमाने पाठवलं होतंस. बाबांनी ते प्रेमानेच घेतलं. तुमच्या दोघांत बोलायला एवढं एकच होतं, आणि ते खोटं निघालं. आता दुसरं काही तुम्हालाच शोधावं लागेल. ते फोनवर सापडणार नाही, बाबा फोनवर फार छान खोटं बोलतात. माझं खरं मानू नकोस, त्यांचंही मानू नकोस. रेल्वेत बसलास तर सकाळपर्यंत पोचतोस. आधी कळवू मात्र नको, नाहीतर ते पायावर चादर ओढून बसतील आणि चहा पिऊन तू परत जाशील.

"मी काही तुझी वाट पाहत नाही" असं शेवटी लिहिलं होतं. खोडून टाकलं.

कामिनी