पाऊण एमएल

॥ श्री ॥

खालापूर,
५ सप्टेंबर २०२५

ती. सोनुआत्यास,
हर्षलाचा सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी सगळं छान चाललंय म्हणाले, ते खोटं होतं गं. मागे पंधरा मुलींची रांग, शेजारी हॉस्टेलच्या वॉर्डन घड्याळ बघत उभ्या, तिथे काय बोलणार? रविवारी एकेकीला पाच मिनिटं मोबाइल मिळतो, बाकीचे सहा दिवस कपाटात कुलूपबंद. म्हणून हे पत्र. आपल्या गावच्या निलेशदादाचा टेंपो भाजी घेऊन इकडे येतो, त्याच्या हाती देते आहे.

आत्या, इथे नर्सिंगला मी औषधाच्या मात्रेच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. दहा प्रश्न असतात आणि दहाच्या दहा बरोबर यावे लागतात, कारण पेशंटच्या अंगात चुकीची मात्रा गेली तर ती परत काढता येत नाही. आधी कागदावर गणित करायचं, मग तेवढं पाणी सिरिंजमध्ये ओढून दाखवायचं. माझी गणितं सगळी बरोबर येतात. सिरिंज मात्र चुकते.

ही परीक्षा घेणाऱ्या संजना मॅडमना वाटतं की मी शेजारच्या रोहिणीचं बघून उत्तरं लिहिते. स्वतः गणित केलं असतं तर हाताला कळलं नसतं का, असं त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. रोहिणी बिचारी उठून म्हणाली की उलट मीच हर्षलाला विचारते. तर तिलाच खाली बसवलं. १९ तारखेला शेवटची संधी आहे. ती गेली तर वॉर्डची ड्युटी नाही, पुढच्या वर्षी नव्या मुलींबरोबर पुन्हा पहिल्यापासून. आणि कॉपीचा शिक्का बसेल तो वेगळाच.

तू चिडणार, ठाऊक आहे. पण चिडून झालं की उत्तर लिही. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
हर्षला

*

॥ श्री ॥

कशेळे,
८ सप्टेंबर २०२५

चि. हर्षला हिस,
सोनुआत्याचे अ. आ.

पत्र वाचलं आन् मशीन बंद केली. पहिली गाडी पकडून तिथं यायचं आन् त्या तुझ्या मॅडमला चार शब्द सुनवायचे, असं मनात आलं व्हतं. धोंडूबाई ब्लाउज न्यायला आली व्हती, तिनं हात धरून बशिवलं. म्हणाली, तू जाऊन भांडशील आन् पोरीचं नुकसान करशील. ती पयल्यांदाच काय तरी शहाणपणाचं बोलली.

माझा भाऊ गेला तेव्हा तू सहा वर्षांची व्हतीस. तवापासून माझ्या मशीनपाशी वाढलीस. इतक्या वर्षांत तू कुणाची टाचणीपण उचलली नायस, कॉपी कुठली करतेस? ते मला सांगायची गरजच नाय.

पण नुसतं रडून काय व्हणार हाय गं? ब्लाउज बिघडला तर मी गिऱ्हाईकाशी वाद घालत नाय, शिवण उसवते आन् कुठं चुकलं ते बघते. तसं सगळं उसवून लिही. कुठलं गणित व्हतं, सिरिंज कशी दिसते, तू पाणी कुठवर ओढलंस, मॅडम काय म्हणाल्या. मी चौथी शिकलेली, मला काय कळणार म्हणून काय गाळू नकोस. मापातलं मला कळतं.

इकडं नवरात्राची शिलाई डोक्यावर हाय. सतरा ब्लाउज बाकी, काजं-बटणं करायला तू नायस, तुझी लय आठवण येते. जेवत जा. काळजी करायला मी हाय, तू अभ्यास कर.

तुझी,
आत्या

*

॥ श्री ॥

खालापूर,
११ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र रोहिणीलाही वाचून दाखवलं. धोंडूबाईंचं ऐकून ती इतकी हसली की वॉर्डन आत डोकावून गेल्या.

आता उसवते. समज, डॉक्टरांनी साठ मिलिग्रॅम औषध लिहिलं आणि बाटलीवर लिहिलंय की एका एमएलमध्ये ऐंशी मिलिग्रॅम आहे. मग साठ भागिले ऐंशी. वरून खालून वीसने छेद दिला की तीन छेद चार, म्हणजे पाऊण. ते दशांशात लिहायचं. तीनला चारने भागायचं, भाग जात नाही म्हणून शून्य आणि टिंब देऊन तीसला भागायचं. चार सत्ते अठ्ठावीस, उरले दोन. त्यावर शून्य, वीसला चार पंचे वीस. आलं ०.७५. इथवर मॅडमची पण बरोबरची खूण आहे.

मग सिरिंज. सरावाच्या सिरिंजा जुन्या आहेत, आकडे पुसून गेलेत, नुसत्या रेघा राहिल्यात. एमएलची रेघ तेवढी लांब, तिच्या अलीकडे बारीक रेघा. मी पाऊणसाठी सहाव्या रेघेपर्यंत ओढलं. अर्ध्यासाठी चौथ्या आणि पावसाठी दुसऱ्या. मॅडमनी तिन्हीवर फुली मारली. काय चुकलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, जिचं बघून लिहिलंस तिलाच विचार. मला तर अजून ते बरोबरच दिसतं, हीच भीती वाटते. डोळेच फसवत असतील तर करायचं काय?

आत्या, खरं सांगू? परवापासून मनात येतंय की परत यावं आणि तुझ्याजवळ मशीनवर बसावं. तिथे माझा हात कधी चुकला नाही. रागावू नकोस. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
हर्षला

*

॥ श्री ॥

कशेळे,
१४ सप्टेंबर २०२५

चि. हर्षला हिस,
अ. आ.

अगं येडे, पाऊणला सहा, अर्ध्याला चार, पावला दोन! हे वाचलं आन् मी टेप हातात घेतली. हे तर माझं माप हाय.

निलेशला पाठवून मेडिकलातनं एक सिरिंज आणवली. टेपशेजारी ठेवली आन् एमएलच्या लांब रेघेपर्यंत रेघा मोजल्या. दहा भरल्या. चष्मा पुसून परत मोजल्या, तरी दहाच. आपल्या टेपात एका इंचाला आठ सूत असतात. पाऊण इंच म्हंजे सहा सूत, हे मी तुला दुसरीत असताना शिकवलं. तुझी बोटं अजून सूतच मोजतायत. एकात दहा रेघा असतील तर अर्धा पाचव्या रेघेवर येतो. पाऊण सातव्या आन् आठव्या रेघेच्या मधोमध. तू कागदावर ०.७५ लिवतेस ना, ते हेच. सात रेघा आन् वर अर्धी.

दोष तुझा नाय, माझा. पोरगी शाळेतनं आली की मी तिला टेप दिली. त्या मॅडमला शिव्या घालत बसले आन् चूक माझ्याच घरातली निघाली. त्या दिवशी एक ब्लाउज शिवला नाय.

मग म्हटलं, चूक मी घातली तर मीच काढणार. कापडाची पट्टी घेतली, घडी घालून दहा भाग करू बघितले, व्हईनात. घडीवर घडी घातली की दोन, चार, आठच व्हतात. शेवटी अक्कल सुचली आन् बरोब्बर दहा इंचाची नाडी कापली. आख्खी नाडी म्हंजे एक एमएल, दर इंचाला एक रेघ. आता तिची अर्धी घडी घाल, पाचावर येते. परत घाल, अडीचवर येते. आणखी एकदा घातली तर सव्वा इंच येतो. एक छेद आठचं दशांशात काय येतं ते भागून बघ आन् मला कळव, मला लय उत्सुकता हाय.

नाडी पत्रासंगं पाठवतेय. रोज तिच्यावर बोट फिरव. आन् मशीनवर बसायचं परत काढलंस तर तुला घरात घेणार नाय. मशीन माझी हाय, तुझं तिथं काम नाय. जिवाला जप.

तुझी,
आत्या

*

॥ श्री ॥

खालापूर,
२० सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दहापैकी दहा.

आधी तुझं उत्तर देते. एक भागिले आठ, ०.१२५ येतं. तुझ्या दहा इंचात सव्वा इंच, म्हणजे एक रेघ आणि वर पाव. भागाकार करून ताळा बघितला आणि मी एकटीच हसत बसले. पाच दिवस मी आणि रोहिणीने त्या नाडीच्या इतक्या घड्या घातल्या की ती मऊ पडली.

काल पहिले नऊ प्रश्न नीट गेले. दहावा नेमका पाऊणचा आला. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. पाणी ओढलं आणि माझा हात आपोआप सहाव्या रेघेवर थांबला. मॅडमनी फुली मारायला पेन टेकवलंसुद्धा. मी श्वास घेतला, बोट ठेवून रेघा पहिल्यापासून मोजल्या आणि सात-आठच्या मध्ये नेऊन थांबले. त्यांनी विचारलं की सहावर का थांबली होतीस. मग सगळं सांगितलं, सूत आणि दहा इंचाची नाडी. त्यांनी कुणाकडून तरी शिंप्याची टेप मागवली, सिरिंजशेजारी धरून स्वतः मोजलं आणि बरोबरची खूण केली. आज सकाळी वर्गात माझं नाव घेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "हर्षला, मी तुझ्यावर आळ घेतला. चूक माझी होती." रोहिणीचीही माफी मागितली. मला रडू आलं गं, आवरलंच नाही.

सोमवारपासून वॉर्डात ड्युटी. यादीत माझं नाव आहे, मी चार वेळा जाऊन बघून आले.

तू दोष माझा म्हणून लिहिलंस, ते वाचून मला परीक्षेपेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. तू चुकीचं काहीच शिकवलं नाहीस. इंचाचं माप इंचाला बरोबरच होतं, मी ते औषधाला लावलं. आणि आत्या, माझी चूक इथे दोन महिने कुणाला दिसली नाही. ती कशेळ्यात बसून, नुसतं पत्र वाचून तू शोधलीस. मॅडमनी विचारलं की आत्या किती शिकल्यात. मी चौथी म्हणाले, तर त्यांनी तुझं नाव आणि दुकानाचा पत्ता वहीत लिहून घेतला. त्या स्वतः तुला भेटायला यायचं म्हणतात. आल्या की शिव्या घालू नकोस, चहा दे.

सदैव तुझ्या लोभातली,
हर्षला