होणाऱ्या व्याह्यांची मूठ

डेल्फ्ट, नोव्हेंबर १७८७

तीर्थरूप योस्टदादा यांच्या चरणी धाकट्या गोव्हर्टचा नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सर्व क्षेम, म्हणजे खिडक्यांच्या काचा अजून शाबूत आहेत. (प्रशियन फौजेने राजपुत्राला पुन्हा गादीवर बसवल्यापासून त्याच्या विरोधकांच्या काचा फुटतायत, तेव्हा आमच्या गल्लीत खुशाली काचांवरूनच ठरते.)

रविवारी आलिडाच्या लग्नाची बोलणी करायला होणारे व्याही, आद्रियान मुरकेर्कन, जेवायला आले. मानाचे पाहुणे नवे नगराधिकारी बेलकर्ससाहेब, हॅटपासून बुटांपर्यंत राजपुत्राच्या नारिंगी फितींनी मढलेले. आमच्या सौ. पेट्रोनेलानेही हुत्स्पॉटच्या रगड्यात नारिंगी गाजरं इतकी घातली होती, की कांद्यांना परकं वाटावं. टेबलावरचे पेले मी स्वतः निवडले होते, राजपुत्राचं संत्र्याचं झाड कोरलेले. दुसरे, राजपुत्राच्या विरोधकांचे, म्हणजे सिंह आणि भाल्याच्या टोकावर स्वातंत्र्याची टोपी कोरलेले, तळघरात जळणाखाली पुरलेत. (तेव्हा सगळं गाव तेच पेले घेत होतं, दादा. मी एकट्यानेच काय घोडं मारलंय?)

बेलकर्ससाहेब उठले, "राजपुत्राचं आरोग्य!" म्हणाले. आपल्यात पेला कसा धरतात ते तुम्हाला सांगायला नको, खालच्या पायाला, चिमटीत. आणि हे मुरकेर्कन? नावाड्यासारखे अख्ख्या मुठीत आवळून! माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस काही तरी झाकतोय. मी म्हटलं, "अहो, पेला पळून नाही जात!" तर म्हणे, "थंडी आहे हो, वाइनला ऊब देतोय." मग हेरिंग मासा एका हाताने, गाजरं एका हाताने, पावाला लोणीसुद्धा एका हाताने. शेवटी बेलकर्ससाहेबच म्हणाले, "तुमचा तो हात काय गहाण पडलाय?" सगळे हसले. मुरकेर्कनही हसले, पण मूठ उघडली नाही. माझी मुलगी ज्या घरात द्यायची, त्या घरचा कर्ता असा! मी मनातल्या मनात सोयरीक मोडूनही टाकली.

बेलकर्ससाहेब गेले आणि मूठ उघडली. आत भाल्यावरची टोपी. माझीच टोपी, दादा, माझ्याच तळघरातली! पेला माझ्या हातात देत मुरकेर्कन हळूच म्हणाले, "गोव्हर्टराव, काम सुरेख आहे. अंधारात आणखी शोभेल."

आता तुम्हीच सांगा, एवढा वेळ हात अवघडून हा माणूस मला का वाचवतो? फुकट कोण वाचवतं? उद्या हुंड्याच्या वेळी हीच मूठ माझ्या नाकासमोर नाचवणार. मला तर हा इसम आधीपेक्षा जास्त संशयास्पद वाटतो.

आपला,
गोव्हर्ट

ता. क. हे पत्र आलिडाने वाचलं. (या घरात माझं पत्रसुद्धा झाकून राहत नाही.) म्हणाली, "तो पेला मीच मांडला, बाबा. साहेबांसमोर सासरे बोभाटा करतात की झाकतात, ते बघायचं होतं. नांदायचंय मला तिथे." मी ओरडलो, "आणि बोभाटा केला असता तर? काचा फुटल्या असत्या!" तर म्हणे, "काचा नव्या बसवता येतात. सासरा बदलून मिळत नाही."

ता. क. २ खरं काम राहिलंच. लग्न मे महिन्यात. मेजवानीत तुम्ही माझ्या आणि व्याह्यांच्या मधे बसायचं, अशी आलिडाची अट आहे. तुमचा देह आडवा आला की मला त्यांचे हात दिसणार नाहीत, म्हणते. मी विचारलं, मग माझ्या हातात कोणता पेला येतो ते कोण बघणार? तर ते काम म्हणे सासऱ्यांनी आपणहून मागून घेतलंय.