टाकीतल्या दोघांविषयी

मी, शेवटच्या पानावर सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेतील निवृत्त तंत्रज्ञ, दिवंगत घड्याळजींची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या धाकट्या दिरांनी जिन्यात उभे राहून चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "वहिनींचं डोकं फिरलंय. असला कागद मी कोर्टात टिकू देणार नाही." म्हणून काल डॉक्टरांकडे जाऊन तेही तपासून घेतले. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत उतरले आणि विचारले, "आता ऋण आकड्यांत जाऊ का?" त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. होते ते हे लिहू नये म्हणून होते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे घड्याळजींना दिले होते आणि ते माझ्याआधी गेले.

१. राहते घर मागच्याच वर्षी मुलीच्या नावे केले आहे, त्यामुळे त्याचा इथे प्रश्न नाही. न्हाणीघरातला नळ उलट्या बाजूने बंद होतो. भाडेकरू ठेवल्यास त्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल ते इंजेक्शनवाल्या दवाखान्याविरुद्ध खटला चालवणाऱ्या रुग्णांच्या संघटनेला द्यावे. कारण चौथ्या कलमात येईल.

३. प्रयोगशाळेतून भंगारात निघालेले उंच स्टूल मी घरी आणले होते. ते तिथल्या सगळ्यात नव्या तंत्रज्ञ मुलीला द्यावे. त्यावर मोठ्या सरांनी बसू नये. मी त्याच स्टुलावर बसून एकोणतीस वर्षे मूळपेशींना खाऊ घातले. मूळपेशी म्हणजे अजून काय व्हायचे ते न ठरलेली पेशी. पुढे तिची कातडी होईल, मज्जा होईल किंवा हृदय. रोज त्यांच्या खाद्याचे जुने गुलाबी पाणी काढायचे, नवे घालायचे. सण नाही, लग्नकार्य नाही. मला तिथे सगळे 'दाई' म्हणत. सरांच्या निबंधांत मात्र मी 'तांत्रिक साहाय्य' या दोन शब्दांत मावले.

याच कलमात एक चूक कबूल करते, कारण तिच्यावाचून पुढचे कळणार नाही. बशीत गर्दी झाली की पेशी वेगवेगळ्या बशांत वाटायच्या असतात, नाहीतर त्या आपल्या मनाने वाट धरतात. मुलगी सहा वर्षांची असताना तिला गोवर आला. त्या धावपळीत मी एक बशी वाटायची विसरले, नुसते खाद्य घालत राहिले. दोन आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते तर मधला एक ठिपका धडधडत होता. नियमाप्रमाणे ती बशी फेकायची होती. मी घड्याळदुरुस्तीच्या दुकानात फोन करून घड्याळजींना बोलावून घेतले.

ते आले, सवयीने डोळ्याला भिंग लावले, मग हसून काढले आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. खिशातले घड्याळ हातात धरून त्यांनी मोजले.

"मिनिटाला बेचाळीस," ते म्हणाले. "अगं, याला चावी कोणी दिली?"

"कोणीच नाही. माझ्या हातून विसरलं."

"आता हे टाकणार?"

मी टाकले नाही. नऊ दिवस चोरून खाऊ घातले. दहाव्या दिवशी ते थांबले, मी वहीत 'थांबले' एवढेच लिहिले आणि हात धुण्याच्या खोलीत जाऊन रडले. त्या पेशी कुण्या अनोळखी जोडप्याने दिलेल्या भ्रूणापासून आल्या होत्या. तेव्हा भ्रूण म्हणजे काहीच नसते, असे मला कोणी शिकवायला येऊ नये. आणि मी खुनी आहे, असेही.

४. धाकट्या दिरांना दवाखान्याची ती गुळगुळीत माहितीपत्रिका द्यावी, चौकट करून. तिच्यावर एक म्हातारे गृहस्थ सुईत दोरा ओवत हसत आहेत. भिंतीवर लावावी.

खुलासा असा. दिरांनी आयुष्यभर माझ्या कामाला नाक मुरडले. एका जाहीर सभेत ध्वनिक्षेपकावरून त्यांनी सांगितले की भ्रूण फोडून औषध करणारे राक्षस आहेत. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. पुढे घड्याळजींच्या डोळ्यांचा पडदा झिजायला लागला. बारीक काटे दिसेनात, तेव्हा ते भिंतीवरची मोठी घड्याळे दुरुस्त करू लागले. मी सांगत होते, थांबा, यावर काम चालू आहे, अजून वेळ आहे. एके दिवशी मी कामावर असताना दीर त्यांना त्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे पोटाची चरबी काढली, तिच्यातल्या पेशी म्हणून काहीतरी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचले.

"त्यांच्या स्वतःच्याच पेशी आहेत, वहिनी," दीर मला म्हणाले. "कुणाचा जीव घेतलेला नाही."

आठवड्याभरात घड्याळजींना दिवा लावलाय की नाही हेही कळेना. कोणत्या प्रयोगानंतर, कोणी तपासून, कशाच्या आधारावर टोचले, यातले काहीही दवाखान्याकडे लिहिलेले नव्हते. माझ्याकडे मेलेल्या प्रत्येक बशीचीही नोंद आहे.

दिरांचा हेतू वाईट नव्हता. भाऊ जाईपर्यंत रोज सकाळी येऊन ते त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत. हे मी विसरलेले नाही. माफ मात्र केलेले नाही, आणि मेल्यावर केले असेल असे कोणी धरून चालू नये.

५. आता मुख्य गोष्ट. मूल होत नव्हते म्हणून आम्ही उपचार घेतले. चार भ्रूण तयार झाले. पहिला रुजला नाही, दुसरा आमची मुलगी झाला. उरलेले दोघे गेली तीस वर्षे उणे एकशे शहाण्णव अंशांवर, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत आहेत. आमच्यापैकी एक गेल्यास दुसऱ्याने त्यांचे ठरवावे आणि दोघेही गेल्यास मुलीने, असे तेव्हाच्या संमतिपत्रात आहे.

मी काही न ठरवता मेले, तर ते ओझे तिच्यावर जाईल. म्हणून ठरवते. हे दोन्ही भ्रूण मी, माझ्या आणि घड्याळजींच्या इच्छेने, डोळ्याच्या पडद्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला देत आहे. त्यांच्या संमतिपत्रावर सही केली आहे. दृष्टी गेल्यावर घड्याळजीच मला म्हणाले होते, "त्या दोघांना डोळेवाल्यांकडे दे. मला आता उपयोग नाही, पण कुणाला तरी होईल." होईलच, असे मी लिहून देत नाही. प्रयोगशाळेतली डॉक्टरीण दहा वर्षे म्हणते, मी वीस धरते. याहून लवकरचा वायदा करणारा दुकानदार समजावा.

मुलीला हे पसंत नाही. जेवताना ती म्हणाली, "आई, ती माझी भावंडं आहेत. मी टाकीतून बाहेर आले आणि ती राहिली, एवढाच फरक आहे."

मी म्हटले, "हो. एवढाच आहे."

"मग राहू देत ना. कुणाला खायला मागतायत का?"

मला याचे उत्तर ताटावर देता आले नाही, म्हणून इथे देते. बाळे, मी जन्मभर खायला न मागणाऱ्यांनाच खाऊ घातले. ते कोणीतरी आहेत असे मला वाटते, म्हणूनच त्यांना बर्फात विसरून ठेवणे मला जमत नाही. तू हो म्हणू नकोस. सही माझी आहे, राग माझ्यावर ठेव.

६. <s>घड्याळजींचे डोळ्याला लावायचे भिंग मुलीला द्यावे.</s> खोडले. खाडाखोडीजवळ माझी सही आहे.

सही करण्यापूर्वी जोडलेला मजकूर. आज खालच्या मजल्यावरचे शिंपी आणि निवृत्त टपालवाले साक्षीला यायचे होते. शिंपी आले, कागद तपासायला वकीलबाईही आल्या. टपालवाल्यांनी निरोप पाठवला की कंबर धरली आहे. तासाभरापूर्वी ते दिरांबरोबर चहा पिताना खिडकीतून मला दिसले होते. तेवढ्यात मुलगी आली. तिने ओट्याला टेकून सगळा कागद वाचला, पाचवे कलम दोनदा.

"मला हे मान्य नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"दुसरा साक्षीदार कुठाय?"

"येत नाही. काकांनी गाठलं असेल."

मग वकीलबाईंना तिने विचारले, "मी सही केली तर चालेल?"

"साक्षीदाराला या कागदातून काही मिळता कामा नये," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला भिंग आहे."

"मग ते खोडा. आई, भिंग आत्ताच दे."

मी कपाटातून काढून तिच्या हातावर ठेवले. तिने ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि खुर्ची ओढून बसली.

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.
दिनांक: १९ मार्च, मंगळवार, सकाळी अकरा.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले, खालच्या मजल्यावरचे शिंपी: बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात कापत नव्हता. (सही)

साक्षीदार दुसरी, मुलगी: पाचवे कलम मला मान्य नाही आणि कधी होईल असे वाटत नाही. काका कोर्टात गेले तर मीही जाईन आणि एवढेच सांगेन की आई पूर्ण शुद्धीत होती, हे सगळे तिनेच लिहिले आणि तिने सही करताना मी शेजारी बसून पाहिले. (सही)