मेंदूचा खुराक

२ मार्च. सकाळ.
परीक्षा बाहेरून देणार. कॉलेजने मला काढलं नाही, मीच सोडलं. सरांची खुर्ची खिडकीतून खाली गेली, तो वेगळा विषय. समोरच्या घरातली ती म्हणाली, आधी पास हो, मग बोलू. म्हणजे होकारच.
घरी अभ्यास करणाऱ्यांनी टेन्शनमध्ये खाणं सांभाळलं की निम्मी परीक्षा तिथेच जिंकली, असं नेटवर वाचलं. साखर बंद, तळलेलं बंद, चहा बंद. बदाम, अंडी, फळं, पालेभाजी. उरलेली निम्मी नंतर बघू.

दुपार.
स्वयंपाकघरावर धाड. बिस्किटांचा डबा पायाखाली चेपला. आई ओरडली, मेल्या, ती आजोबांची शुगर-फ्री होती! शत्रू वेष बदलून येतो.

५ मार्च.
डोकं ठणकतंय. विष बाहेर पडतंय. पुस्तक उघडलं नाही, आधी मेंदू साफ व्हायला हवा. धाकटा भाऊ माझ्या टेबलाशी बसून वेफर्स खात होता. कुरुम कुरुम. पाकिटासकट भिंतीला दाबला. तो दंडाला कडकडून चावला. आई म्हणते, दोघांनाही भूक लागलीय. मला भूक नाही. मला शिस्त आहे.

९ मार्च.
आहाराचं टाइमटेबल चार रंगांत केलं. अभ्यास बसवायला जागाच उरली नाही. बाबा म्हणाले, साहेब, पुस्तक खाल्लंत तरी चालेल, पण उघडा. उकडलेलं अंडं फेकलं. त्यांच्या कानाजवळून भिंतीवर. प्रोटीन वाया.

१२ मार्च.
ती आली. स्वतः केलेला केक घेऊन, परीक्षेसाठी. मी अर्धा तास साखरेच्या दुष्परिणामांवर बोललो. भारावली असावी, सारखी घड्याळाकडे बघत होती. केक धाकट्याच्या हातात देऊन गेली. तो बोटं चाटत म्हणाला, दादा, वर तुझं नाव होतं रे. आता माझ्या पोटात आहे. ठोसा मारला. तो वाकला. मागे फ्रिज होता.

१३ मार्च.
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची दोन हाडं गेली. डॉक्टरांनी विचारलं, कुणाशी मारामारी? फ्रिजशी. म्हणाले, दूध घेत जा, कॅल्शियम. बघा! माझा अभ्यास योग्य दिशेने चालला होता.
परीक्षेला लेखनिक मिळेल. खालच्या वर्गातला हवा. ती एक वर्ष मागे! विचारायला आईला पाठवलं. तयार झाली. तीन तास शेजारी. फ्रिजचे उपकार.

२० मार्च. रात्र.
पेपर झाला. ती पेन उघडून बसली. म्हणाली, सांग. मी प्रश्न वाचला. दुसरा वाचला. पाणी प्यायलो. ती म्हणाली, कुठलाही सांग, येईल तो.
मी छताकडे बघितलं. ती माझ्याकडे.
लेखनिक दिसली म्हणून पर्यवेक्षक सवयीने दोनदा येऊन दटावून गेले, हळू सांगा, बाकीच्यांना ऐकू जातंय.
मी तर अजून एकही उत्तर सांगितलं नव्हतं. तिने तासाभराने पेनाला टोपण लावलं.